चिठ्ठीत आलेली बाजू

परवा दुपारी जेवताना माझा नातू सम्यक भाकरीचा तुकडा हातातच धरून मला म्हणाला, "आजी, माणूस चंद्रावर कधी गेलाच नव्हता. सगळं स्टुडिओतलं शूटिंग होतं." नववीत आहे. पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ठेवलेला आणि त्यात कुणीतरी दाढीवाला हातवारे करून सांगत होता. झेंडा बघा, तिथं वारा नाही तर तो फडकल्यासारखा कसा? आभाळात एकही चांदणी का नाही? पहिला माणूस उतरला तर त्याचा फोटो काढायला आधीच खाली कोण उभं होतं? मी ऐकत होते, आणि त्याचं एक वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य माझ्या तोंडात येऊन बसत होतं. माझा मुलगा पोराला समजवायला लागला, की अरे आपलं स्वतःचं यान उतरलं की, शाळेत सगळ्यांना बसवून दाखवलं ना तुम्हाला. तर पोरगं म्हणतं, ते यान आहे पप्पा, माणूस नाही. बापलेकांची अशी जुंपली की सून हसून बेजार. मी ताट तसंच सोडून उठले. सून म्हणाली, "आई, वरण खारट झालं का?" वरण चांगलं होतं.

तो दाढीवाला जे बोलत होता ते भाषण मी केलेलं आहे. मोबाइल तर सोडाच, गावात दोन घरी रेडिओ होता तेव्हा केलेलं आहे, आणि त्याला पहिला नंबर मिळालेला आहे. हे मी जालन्यातल्या या घरात कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, तो बिचारा न ऐकताच गेला. आता साठी आली, गुडघे बोलायला लागले, म्हणून म्हटलं, एकदा लिहून काढावं. मी मूळची तोंडाळ बाई. लहानपणी तर माझ्या जिभेला हाड नव्हतं. त्या जिभेचं काय झालं, हे या प्रकरणात येईल.

आमचं गाव तीर्थपुरीपासून दोन कोसांवर. घर दोन खणांचं, वर मातीचं माळवद. पावसाळ्याआधी माय त्याच्यावर पांढरी माती चढवायची. मायचा दिवस पहाटे जात्यावर सुरू व्हायचा. मग भाकरी थापल्याचा आवाज, मग लाकडी उखळात मिरच्या कुटल्याचा, आणि मग खाट्‌कन सगळं गप्प व्हायचं, म्हणजे माय शेतात कामाला गेली. तिच्या हातची येसरआमटी अशी होती, की भाजलेल्या धान्याच्या त्या पिठाचा वास शेजारच्या गल्लीत जायचा आणि माझी मैत्रीण नसीम वाटी घेऊनच यायची. भिंतीवर दोन तसबिरी होत्या. कोणाच्या ते सांगायची गरज नाही, आमच्या समाजाच्या प्रत्येक घरात असतात. त्यांच्या शेजारी माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, कुठल्याशा मासिकातून कापलेलं एक चित्र भाताच्या पेजेनं चिकटवलं होतं. चंद्राच्या धुळीत उभा असलेला माणूस, बाजूला झेंडा. मायला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, "गेला तं गेला मेला. जाऊन भाकर कोन्या चुलीवर खाल्ली त्यानं?"

दादा गावातल्याच सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवायचे. शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना गाव गुरुजी म्हणायचं. दादांना मास्तर म्हणायचं. लहान असताना मला वाटायचं, ते सायकलवर हिंडतात म्हणून मास्तर. दादांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, कशावरून. मी म्हणावं, दादा, आज पाऊस येणार. ते म्हणायचे, "कशावरून?" मुंग्या अंडी घेऊन चालल्या. "बराबर." मी म्हणावं, नसीमला माझा राग आलाय. "कशावरून?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही तर ते हसायचे आणि म्हणायचे, "मंग मानू नको. मी सांगितलं तरी मानू नको. इचारून घ्यायचं, पारखून घ्यायचं, मंग मानायचं." त्यांच्या तोंडचं ते बराबर मिळवण्यासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. घरात खायला कमी होतं असं नाही, पण मला भूक त्या शब्दाची होती.

गावात दादांच्या शब्दाला किंमत होती, पण ती नवी, कच्ची किंमत होती. एकदा ती पार गेली होती. मी लहान असताना वरून हुकूम आला होता, की शिक्षकांनी नसबंदीसाठी माणसं आणायची, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. दादांनी तिघांना नेलं. काही त्रास होत नाही, कागदावर लिहिलंय, वाचून दाखवतो, असं सांगून नेलं. त्यातले एक शंकरआबा. त्यांना नंतर महिनोन्‌महिने दुखत राहिलं, आणि ते देवळाच्या पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, मास्तरनं कागद वाचला अन् माझा घात केला. त्यानंतर दादांनी काय केलं नाही? लोकांची पत्रं वाचली, पत्रं लिहिली, दाखले काढून दिले, बाळंतिणीला सायकलवर बसवून तीर्थपुरीला नेलं. दाणा दाणा करून शब्द पुन्हा जमवला. एखाद्या म्हातारीनं "मास्तर म्हनला म्हंजी खरं आसन" असं म्हटलं की त्या रात्री ते दोन भाकरी जास्त खायचे. हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी तेरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

त्या काळी महाराष्ट्र दिनाला सातवीचा निकाल लागायचा आणि झेंडावंदनाला सगळं गाव शाळेत यायचं. त्या वर्षी हेडगुरुजींनी ठरवलं की वादविवाद ठेवायचा. कारण पारावर आधीच भांडण पेटलेलं. दादांनी कुठल्याशा पेपरातून चंद्राचं वाचून दाखवलं होतं, आणि निम्मं गाव म्हणत होतं, चंद्र देव आहे, देवावर कोणी पाय देतं का? एकजण तर म्हणाला, "आन् आवसेला ते लोक उभे कशावर राहिले?" त्यावर दादासुद्धा पोट धरून हसले होते. विषय ठरला, 'माणूस चंद्रावर गेला हे खोटे आहे'. हेडगुरुजींनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. पाटलाच्या दिलीपला 'प्रतिकूल' आली आणि मला 'अनुकूल'. म्हणजे मास्तरच्या पोरीनं सगळ्या गावासमोर सांगायचं, की मास्तर सांगतो ते खोटं आहे. मी रडतच घरी आले.

दादा मात्र खूश झाले. "अगं इशे, हे तं लय भारी झालं!" माझं नाव विशाखा, पण घरात गावात सगळे इशाखा, इशी. "आपल्याला पटत न्हाई ती बाजू मांडता आली म्हंजी खरं डोकं. जीव तोडून बोलायचं, बिलकुल कच्चं सोडायचं न्हाई." दारातल्या लिंबाच्या झाडाला खिळा ठोकून त्यांनी आरसा लावला होता. तिथं सकाळी दाढी करता करता ते मला मुद्दे द्यायचे. झेंडा ताठ कसा, तो मुद्दा त्यांचा. चांदण्या कुठं गेल्या, त्यांचा. फोटो कोणी काढला, तोही त्यांचाच. गालाला फेस लावलेला माणूस स्वतःच्या श्रद्धेवर एकेक दगड मारायला लेकीला शिकवतोय आणि मजेत गुणगुणतोय. मी विचारलं, "दादा, मंग याचं खरं उत्तर काय? झेंडा ताठ कसा?" ते वस्तरा पुसत म्हणाले, "ते दिलीपनं शोधायचं. तुला आत्ताच सांगितलं तं तुझा जोर जाईन. स्पर्धा झाल्यावर सांगतो." झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी काडी होती, हे मला फार वर्षांनी, लेकराबाळांची आई झाल्यावर कळलं. दादांनी ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी नसीम आमच्या न्हाणीच्या मागं बांगड्यांची चळत घेऊन आली. तिचे अब्बा रहीमचाचा मन्यार होते, डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव बांगड्या भरत हिंडायचे. नसीमचा हात बांगड्या भरायला बापासारखाच हलका. "हात ढीला छोड गे," म्हणत तिनं माझे दोन्ही हात लाल बांगड्यांनी भरले. एकही फुटली नाही. आठ दिवस माझं भाषण ऐकून ऐकून तिला ते माझ्याआधी पाठ झालं होतं. बांगड्या भरून झाल्यावर तिनं माझी बोटं तशीच धरून ठेवली आणि हळूच विचारलं, "सच्ची बोल इशाखा, तेरेकू क्या लगता? गया था क्या आदमी?" तिथं आम्ही दोघीच होतो. मी सहज म्हणू शकत होते, की येडी का काय तू, चिठ्ठी आली म्हणून बोलतेय, गेला होता की. पण भाषणाचा कैफ आधीच चढलेला. आणि नसीमचे डोळे असे मोठे झालेले, माझ्या एका शब्दावर टांगलेले. मी मोठ्या बाईसारखी मान हलवून म्हणाले, "कुठून गेला गं? सगळं झूठ आहे. दादालाबी ठाव आहे, पण सरकारी मानूस, बोलता येत न्हाई." नसीमनं कानाच्या पाळ्या धरल्या आणि म्हणाली, "या अल्ला."

शाळेच्या पटांगणात मांडव होता. पुढं पोरं, मागं माणसं, भिंतीच्या सावलीला बाया. दिलीप आधी बोलला. पाठ केलेलं निम्मं विसरला, पाणी प्याला, आणि जय महाराष्ट्र म्हणून बसला. मग मी उठले. काय सांगावं, आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो आणि, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटतं. झेंड्याला टाळ्या. चांदण्यांना टाळ्या. फोटोवाल्यावर तर माणसं उठून उभी राहिली. दादा शिक्षकांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर होते आणि सगळ्यात आधी टाळी त्यांची पडत होती. माझे मुद्दे संपले. दादांनी दिलेलं सगळं बोलून झालं. मी खाली बसायचं ते सोडून लोकांकडं बघितलं. त्यांना अजून हवं होतं. आणि त्यांना काय हवंय ते मला माहीत होतं, पारावर रोज ऐकत होते की. मी म्हणाले, "कागदावर लिहिलं म्हणून खरं मानायचं का? वरून कागद येतो, मास्तर वाचतो, आपण माना डोलावतो. नसबंदीच्या साली कागदावर काय लिहिलं होतं? शंकरआबाला विचारा!"

मग जो कल्ला झाला! शंकरआबा काठी आपटत उठले, "शाब्बास गं पोरी! वाघीण हाय वाघीण!" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. कोणीतरी शिट्टी मारली. दादांचे हात मांडीवर होते, ते मांडीवरच राहिले. ते आपल्या चपलांकडं बघत होते. मला बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला. तो द्यायला सरपंच उठले तेव्हा हसता हसता म्हणाले, "मास्तर, पोरगी तुमच्यावर न्हाई गेली बरं का, आमच्यावर गेली."

घरी आले तर माय दारात. तिला बातमी माझ्याआधी पोचली होती. ती हातातला खराटा टाकून म्हणाली, "आपलेच दात अन् आपलेच ओठ. बापाचं नाक कापलं अन् वरून पेला घेऊन आली." दादा तिला म्हणाले, "राहू दे." मग खाटेवर बसून बराच वेळ पायाचं बोट चोळत राहिले. शेवटी म्हणाले, "मुद्दे झकास मांडलेस इशे. शेवटचा मुद्दा माझा नव्हता."

"न्हाई," मी म्हणाले.

"पण मांडला बराबर." एवढं बोलून ते सायकल घेऊन बाहेर गेले. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी मरत होते तो मिळाला, आणि तो असा मिळाला.

दहा-बारा दिवस गेले असतील. ऊन मरणाचं. विहिरीनं तळ दाखवलेला. शेजारच्या वाडीला हगवण-उलट्यांची साथ आली आणि दोन माणसं गेली. ग्रामसेवक मोटारसायकलवर आला, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीची पिशवी दादांच्या हातात दिली आणि विहिरीत टाका म्हणून निघून गेला. ही पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं, मग तासभर कोणी पाणी शेंदायचं नाही. दादा बादली घेऊन विहिरीवर गेले, मी त्यांच्या मागं. बाया घागरी घेऊन उभ्याच होत्या. पावडरीचा वास नाकात घुसला तशा त्या मागं सरकल्या. आणि शंकरआबा काठी टेकत आले. "मास्तर, काय टाकून राह्यले?"

"औषध हाय आबा. साथीचं."

"कोन म्हनतं?"

"सरकारचा कागद हाय. वाचून दाखवतो की."

आबा हसले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, "कागदाचं तुमच्या पोरीनंच सांगितलं की गावाला. आता पान्यातून नसबंदी करता का आमची?" घागरीवाल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "आपन झिऱ्याचं पानी आनू बाई. गोड तं गोड." नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपतं, त्याला झिरा म्हणतात. त्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि आमच्याकडच्या माणसाला झिऱ्याइतकं पवित्र पाणी दुसरं नाही. त्याच पात्रात वरच्या अंगाला सगळं गाव सकाळी बसायला जायचं, हे कोणाच्या ध्यानात यायचं नाही.

इथं एक गोष्ट आजच्या वयाची बाई म्हणून लिहिते, तेव्हा मला ती दिसली नव्हती. ती विहीर गावाची होती. तिच्यावर आमच्या लोकांना पाणी शेंदायला मिळू लागल्याला फार वर्षं झाली नव्हती. मास्तर आपल्या हातानं काहीतरी कालवून त्या विहिरीत सोडतोय, हे कित्येकांच्या घशाखाली उतरत नव्हतं, कागद असो की नसो. पण ते तोंडानं म्हणायची आता सोय राहिली नव्हती. त्यांना म्हणायला दुसरं काहीतरी हवं होतं, चारचौघांत बोलता येईल असं, हसत हसत बोलता येईल असं. ते मी पटांगणात उभी राहून, दोन्ही हात लाल बांगड्यांनी भरून, फुकट देऊन टाकलं होतं.

दादांनी त्या दिवशी औषध टाकलं. विहिरीवर आमच्याच दहा घरांच्या घागरी आल्या. बाकी सगळं गाव ओळीनं झिऱ्याकडं. दादा घरी येऊन मला म्हणाले, "इशे, तुझं ऐकतील ते. तू घरोघर जा, सांग, की ती चिठ्ठीत आलेली बाजू होती, मला तसं वाटत न्हाई. विहिरीचं पानी प्या म्हण." त्यांनी हुकूम केला नाही, विनवलं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "उद्या जाते." कारण त्या दिवशी दुपारीच पाटलाच्या वाड्यातल्या बायांनी मला बोलवून पुन्हा भाषण म्हणायला लावलं होतं, आणि हातावर लाडू ठेवला होता. त्याच तोंडानं त्याच बायांना लगेच जाऊन उलटं कसं सांगू? लाज वाटली. एक दिवसाची लाज.

दुसऱ्या दिवशी गेले. खरंच गेले, दार न् दार फिरले. घसा सुकेपर्यंत सांगितलं. पहिल्या घरी म्हणाल्या, "बापानं पढवून धाडली वाटतं." दुसऱ्या घरी म्हणाल्या, "परवा खरं बोलली का आज?" एकीनं तर लाडानं माझा गाल ओढला, "बोलती मातर झ्याक!" कोणी चिडलं नाही हो. चिडले असते तर परवडलं असतं. मी रडायला लागले तर म्हणाल्या, बघा, मास्तरनं मारलं पोरीला. जे एका सकाळी पाच मिनिटांत सगळ्यांच्या डोक्यात घातलं होतं, ते दिवसभर फिरून एकाच्याही डोक्यातून काढता आलं नाही. शेवटी नसीमच्या घरी गेले. म्हटलं, हिला तरी सांगते, ही माझी आहे. तर दारात तिची अम्मी बसलेली, आणि आत नसीम पाण्याच्या घडवंचीजवळ गोधडीवर. सकाळपासून उलट्या.

मी पळत दादांना बोलवून आणलं. त्यांनी विहिरीचं पाणी उकळवून त्यात साखर-मीठ घातलं आणि मला म्हणाले, पेला आण. माझाच बक्षिसाचा पेला आणला. मी तो तिच्या तोंडाला लावला तर तिचे दात स्टीलवर वाजत होते. रहीमचाचा परगावी होते. दादांनी बैलगाडी जुंपायला लावली. भर दुपारी आम्ही तीर्थपुरीकडं निघालो. अम्मी नसीमला मांडीवर घेऊन, मी तिच्या पायाशी, दादा गाडीच्या कडेला हात लावून चालत, दर चार पावलांनी "पाज, पाज, थोडं थोडं पाज" म्हणत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मला आजही सहन होत नाही. पोळ्याच्या दिवशी मी खिडक्या लावून घेते. तीर्थपुरीची घरं दिसायला लागली तेव्हा नसीमनं पाणी गिळायचं थांबवलं. ते ओठाच्या कडेनं खाली आलं. दादांनी गाडीवाल्याला थांब म्हटलं नाही, पण ते स्वतः चालायचे थांबले, म्हणून मला कळलं.

परत येताना अम्मी एकदाच बोलली. ती रडत नव्हती, आणि माझ्यावर रागावून बोलली असंही नाही. नुसतं कोणाला तरी सांगायला हवं म्हणून सांगितलं. "मैं तो बावडी का पानी लाती थी. मास्तर झूठ नईं बोलते, मेरेकू मालूम था. येच बोली, नईं. बोली, अम्मी, इशाखा मेरेकू अकेले में बोली, सब झूठ है, उसके अब्बा को बी मालूम है. नक्को ला."

दादा गाडीच्या बाजूनं चालत होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडं बघितलं नाही.

नंतर तालुक्याहून जीप आली, डॉक्टर आले, विहिरीत औषध पडलं, झिऱ्यावर काटे टाकले, आणि कोणी हूं की चूं केलं नाही. बैल गेला अन् झोपा केला. शंकरआबासुद्धा रांगेत उभं राहून पाणी घेऊन गेले. दादा मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बदललं ते एवढंच, की त्यांनी मला 'कशावरून' विचारायचं सोडलं. मी म्हणावं, दादा, आज पाऊस येणार. ते म्हणायचे, "हो का? बरं." मी म्हणावं, दादा, मला नर्सिंगला जायचंय. "बरं." मी म्हणावं, दादा, मुलगा चांगला आहे, मला पसंत आहे. "बरं." मरेपर्यंत माझ्या प्रत्येक गोष्टीला त्यांनी बरं म्हटलं. चंद्राचं चित्र त्यांनी काढलं नाही, पण पेपर मोठ्यानं वाचणं बंद केलं. तो पेला नसीमच्या घरीच राहिला. मागायला आम्ही गेलो नाही, द्यायला ते आले नाहीत.

मी तीस वर्षं खेड्यापाड्यांत नर्सबाई म्हणून हिंडले. बाया लेकराला पोटाशी धरून विचारायच्या, "बाई, टोचल्यानं काई होत न्हाई ना?" माझ्या बरोबरीच्या सिस्टर छान समजावून सांगायच्या, गाणी म्हणायच्या. मी एवढंच म्हणायचे, माझ्या लेकराला टोचलंय. त्याच्यापुढं माझी जीभ चालायची नाही. आणि मंचावर बोलले त्याचं मी मनाला कधीच फार लावून घेतलं नाही, हे कोणाला खरं वाटणार नाही. तिथं चिठ्ठी होती. तिथं तेरा वर्षांची पोर होती आणि टाळ्या होत्या. शेवटचं वाक्य वाईट होतं, पण ते सगळ्यांदेखत होतं, त्याचा राग दादांना करता आला असता. न्हाणीच्या मागं कोणी चिठ्ठी काढली नव्हती. तिथं नुसती नसीम होती, आणि तिनं फक्त मला काय वाटतं ते विचारलं होतं.

परवा संध्याकाळी सम्यक माझ्या खोलीत आला. मी जेवणावरून उठले ते त्याला लागलं असावं. पोरगं मनानं चांगलं आहे. खाटेवर माझ्याजवळ टेकला आणि म्हणाला, "आजी, रागावलीस? बरं, तू सांग. खरं सांग, तुला काय वाटतं? गेला होता का माणूस?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणाले, "गेला होता."

"कशावरून?"

त्यानं हा शब्द कुठून उचलला कोण जाणे. त्यानं आपल्या पणजोबाला पाहिलेलंसुद्धा नाही. मी म्हणाले, "झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी काडी होती रे. म्हणून तो ताठ होता." मी पुढं सांगणार होते, चांदण्यांचं, फोटोचं, सगळं आता मला येतं. विहिरीचंही सांगणार होते. तेवढ्यात त्याच्या हातातला मोबाइल वाजला. तो त्यात बघून हसला, "आलोच आजी," म्हणाला आणि गेला. तो परत येतो का म्हणून मी बराच वेळ दाराकडं बघत बसले.

"गेला होता गं नसीम," मी म्हणाले. कशावरून म्हणून विचारायला तिथं कोणी नव्हतं.